अंगण नव्हतं, फरशी होती



आमच्या लहानपणी घरात दोन शब्द वेगवेगळे वापरले जात. एक ‘नाच’ आणि दुसरा ‘डान्स’. इंग्रजी येणारा म्हणेल, अर्थ एकच. आमच्याकडे तो एक नव्हता. नाच म्हणजे गैर. यात आमच्या घराचाच दोष होता असंही नाही. मराठी भाषेनेच हा शब्द फारसा मानाने वागवलेला नाही. कुणी कुणाच्या तालावर नाचतो तेव्हा तो मिंधा असतो. मूल डोक्यावर चढून नाचतं तेव्हा ते लाडावलेलं असतं. रागावलेला माणूस थयथया नाचतो. आणि ज्याला नाचता येत नाही, त्याचं अंगण वाकडं असतं. वारकऱ्याने कीर्तनात नाचावं, दर्ग्यात कव्वाली ऐकताना एखाद्याचं भान हरपावं, एवढीच काय ती मोकळीक. बाईने नाचायचं म्हणजे तमाशा, आणि चांगल्या घरच्या मुलीचा त्याच्याशी संबंध काय?

‘डान्स’ हा शब्द मात्र बाहेरून आलेला. त्याला जात नव्हती, मोहल्ला नव्हता, त्याच्या मागे कुठला फड नव्हता. शाळेच्या गॅदरिंगच्या कार्यक्रमपत्रिकेत तो छापला जायचा, ‘रेकॉर्ड डान्स’ म्हणून, आणि ती पत्रिका वाचून कुणाचे अब्बा किंवा कुणाचे बाबा रागावत नसत. मला आज बोलायचं आहे ते या डान्सविषयी. १९८० ते १९८८ या काळात ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यातल्या पोरापोरींना आधी डिस्कोने आणि मग ब्रेक डान्सने जे वेड लावलं, त्या वेडाविषयी.

मी कल्याणची. दूधनाक्याजवळ आमचं घर. जुनी वस्ती, कोकणी मुसलमानांची बरीच घरं. अब्बा रेल्वेत फिटर. दोन खोल्या आणि सात माणसं. अंगण वाकडं असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण अंगणच नव्हतं. होती ती शहाबादी फरशी. खाट, कपाट, पाण्याचं पिंप आणि अम्माचं शिलाई मशीन मांडून झालं की मशीन आणि पिंपाच्या मध्ये एक अख्खी फरशी मोकळी उरायची. दोन फूट बाय दोन फूट. माझं डान्सचं सगळं शिक्षण त्या एका फरशीवर झालं.

ताल मात्र त्याच्याही आधी अंगात शिरला होता. तो लग्नघरांमुळे. हळदीच्या, मेंदीच्या रात्री बायका ढोलकी घेऊन बसायच्या. एकजण ढोलकी धरायची आणि दुसरी तिच्या लाकडावर चमच्याने ठेका द्यायची. ठेका बहुतेक केरव्याचा, आठ मात्रांचा. गाणी चालीवर रचलेली, जावयाची, विहिणीची टिंगल करणारी. मध्येच एखादी म्हातारी उठायची, पदर खोचायची, दोन गिरक्या घ्यायची आणि हसत हसत खाली बसायची. तो नाचच होता, दुसरं काय! पण दार आतून लावलेलं असायचं, म्हणून त्याला कुणी नाच म्हणत नसे.

पुरुषांना मुभा जास्त होती. ती मुभा त्यांना भगवानदादांनी मिळवून दिली, असं मला नेहमी वाटतं. १९५१ साली ‘अलबेला’ आला. संगीत सी. रामचंद्रांचं, म्हणजे आपल्या चितळकरांचं. पडद्यावर भगवान आभाजी पालव नावाचा गिरणगावात वाढलेला, अंगाने जाडसर असा माणूस. त्याने उड्या मारल्या नाहीत. हात जरासे दुमडायचे, खांदे सैल सोडायचे, एका पायावरून दुसऱ्या पायावर अलगद वजन टाकायचं, बस्स. कारखान्यातून दमून आलेल्या माणसालाही जमेल इतकी ती चाल सोपी. गणपतीपुढे, वरातीपुढे आपली माणसं आजही जे करतात, त्यात भगवानदादांचा अंश असतोच. पुढे अमिताभ बच्चन यांनीही तीच ढब उचलली. आमच्या अब्बांचाही हा आवडता नट. घरात कुणी नसलं आणि रेडिओवर ‘अलबेला’चं गाणं लागलं की ते दाढी करता करता खांदे हलवायचे. आम्ही दाराच्या फटीतून बघायचो.

मग १९८० साली ‘कुर्बानी’ आला. त्यातलं एक गाणं पंधरा वर्षांच्या मुलीने गायलेलं होतं. नाझिया हसन. जन्म कराचीचा, शिक्षण लंडनला. संगीत बिद्दू यांचं, ते मूळचे बंगळूरचे. या गाण्यासाठी नाझियाला फिल्मफेअरचं पारितोषिक मिळालं. पुढच्या वर्षी, १९८१ मध्ये, तिचा आणि तिचा भाऊ झोहेबचा ‘डिस्को दीवाने’ हा अल्बम निघाला. आमचे मामू तेव्हा कुवेतला नोकरी करायचे. ते सुट्टीवर येताना टू-इन-वन घेऊन आले आणि त्याच्याबरोबर ही कॅसेट. घरच्यांना त्या गाण्यांची भीती वाटली नाही, याचं कारण गाणारी मुलगी ‘आपल्यातली’ होती. नाव नाझिया, आवाज साधा, नाकात किंचित अडकणारा, शेजारच्या घरातून आल्यासारखा. ती गाते तर आमच्या मुलींनी ऐकायला काय हरकत? आणि ऐकताना पाय हलला, तर तो पायाचा दोष.

डिसेंबर १९८२ मध्ये ‘डिस्को डान्सर’ आला आणि मग काही विचारू नका. मिथुन चक्रवर्ती, बप्पी लाहिरी. त्याच वर्षी आशियाई खेळांच्या निमित्ताने दूरदर्शन रंगीत झालं होतं. आमच्याकडे टीव्ही नव्हता. समोरच्या चाळीत एका वहिनींकडे होता, ब्लॅक अँड व्हाइट. ‘छायागीत’ला त्यांच्या खोलीत वीस-पंचवीस जण. भाईजान, म्हणजे माझा मोठा भाऊ, तो सिनेमा डोंबिवलीला जाऊन तीनदा बघून आला. घरी आल्यावर त्याने आम्हाला तो त्या एका फरशीवर करून दाखवला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ती मला तेव्हा कळत नव्हती, पुष्कळ नंतर कळली. आपल्याकडचे सामुदायिक नाच पाहा. लेझीम, गरबा, टिपऱ्या, कोळीनृत्य. सगळ्यांना रांग लागते किंवा रिंगण लागतं. त्या रिंगणात तुम्हाला कुणीतरी घ्यावं लागतं. पाश्चात्त्यांचे जुने नाच घ्या, तिथे जोडीदार लागतो आणि त्याचा हात धरावा लागतो. १९६० साली अमेरिकेत चबी चेकर या गायकाच्या रेकॉर्डने ट्विस्टची लाट आणली. त्यात जोडीदाराला हातही लावायचा नसतो. आपापल्या जागी उभं राहून कंबर आणि गुडघे फिरवायचे. डिस्को त्याच वाटेने आला. एकट्याने करायचा, कुणाला न शिवता करायचा, आणि मनात आणलं तर दोन फूट बाय दोन फुटांत करायचा. ज्या मुलीला रिंगणात कुणी घेणार नव्हतं आणि जिला कुणाचा हात धरायची सोय नव्हती, तिला असा डान्स मिळाला. न्यूयॉर्कच्या क्लबांनी काही आमचा विचार करून तो घडवला नव्हता. पण आमच्या घरात तो अगदी मापाने शिवून आल्यासारखा बसला.

त्यातून त्याचा ठेका! मिनिटाला साधारण १२० ठोके, चार-चारच्या घरात. दोन घरं एकत्र केली की आठ. डान्स शिकवणारे आजही ‘फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट’ म्हणून सुरुवात करतात. अम्माच्या बायकांच्या ढोलकीचे आठ आणि बप्पीदांचे आठ आमच्या पायांना वेगळे वाटलेच नाहीत. मी पुढे कविता लिहायला लागले, तेव्हा मात्रा बोटांवर मोजायची गरज मला फारशी पडली नाही. त्या तळपायात होत्या.

श्रोतेहो, आता १९८४ कडे यावं लागतं. त्या वर्षीच्या मे महिन्यात भिवंडीत दंगल पेटली. ती ठाणे, कल्याण, मुंबईपर्यंत पसरली. दोनशेहून अधिक माणसं मेली. माझी खाला भिवंडीला राहायची. कल्याणपासून दहा-बारा किलोमीटर, पण ते दिवस असे होते की तिथली बातमी यायला दोन दिवस लागले. नंतर खाला आणि तिच्या तीन मुली आमच्याकडे आल्या. नेसत्या कपड्यांवर आल्या. सातांची अकरा माणसं झाली. रस्ते ओस, दुकानं बंद, पुरुष दारात बसून.

खालाची थोरली मुलगी माझ्याहून वर्षाने मोठी. तिला मी आपा म्हणायचे, आजही म्हणते. ती चार दिवस कुणाशी बोलली नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी ती उठली, टू-इन-वनवर जाड गोधडी टाकली, म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये, आणि बटण दाबलं. मग त्या मोकळ्या फरशीवर जाऊन उभी राहिली. आधी नुसती टाच हलली. मग गुडघे. मग ती अशी काही नाचायला लागली की आम्ही पोरं भिंतीला चिकटलो. अम्मा पुढे झाली, बंद कर म्हणायला. खालाने तिचा हात धरला. म्हणाली, “राहू दे. घाम येऊ दे तिला, म्हणजे रात्री झोप तरी लागेल.”

पुढचे बारा-पंधरा दिवस रोज संध्याकाळी हे चाललं. आपा नाचायची, मग मी, मग धाकट्या दोघी. एकेकीने यायचं, कारण फरशी एकच. रात्री आम्हाला खरंच झोप लागायची.

त्याच वर्षी सप्टेंबरात गणपती विसर्जनाच्या दिवशी सगळ्यांचे जीव मुठीत होते. मिरवणुका दुर्गाडीच्या गणेश घाटाकडे जायच्या. आमच्या रस्त्यावरून जाणारी एक मिरवणूक बेंजो पार्टीची होती. ठाणे जिल्ह्यात बेंजो म्हणजे काय ते मी सांगायला नको. बटणं असलेलं, तारांचं वाद्य, मूळ जपानी तैशोगोतोचं भावंड, आपल्याकडे बुलबुलतरंग म्हणतात ते. आपल्या लोकांनी त्याला वीज जोडली, भोंगा लावला आणि आगरी-कोळी हळदीपासून गणपतीपर्यंत सगळीकडे नेलं. त्या दिवशी बेंजोवर ‘डिस्को डान्सर’ चालू होता. मशीद जवळ आली की वाद्यं थांबायची, हा रिवाज होता. तशी ती थांबली. पण पोरं ऐन स्टेपमध्ये होती आणि अंगातला ताल असा बटण दाबून बंद होत नाही. पंचवीस-तीस पावलं ती पोरं आवाजाविना नाचत गेली. शिट्टी नाही, घोषणा नाही. फक्त चपलांचा आवाज, आणि तोही तालात. मशीद मागे पडली, बेंजो पुन्हा सुरू झाला आणि तो नेमका त्यांच्या पावलावर येऊन बसला. आम्ही वरून खिडकीतून बघत होतो. त्या पोरांत आमच्या गल्लीतली दोघं-तिघं होती. मी मोजली होती. खिडकीतल्या बायकांपैकी कुणीतरी सुटकेचा श्वास सोडल्याचा आवाज मला अजून आठवतो.

त्याच सुमारास ब्रेक डान्स येऊन पोचला. तो कुठून आला ते पुढे वाचनात आलं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी जमैकाहून आलेल्या एका अठरा वर्षांच्या मुलाने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्डी लावल्या. क्लाइव्ह कॅम्पबेल, म्हणजे डीजे कूल हर्क. त्याच्या लक्षात आलं होतं, की गाण्यात मध्येच सगळं थांबून नुसता ड्रम वाजतो, त्या तुकड्याची पोरं वाट बघतात आणि तो आला की तुटून पडतात. त्या तुकड्याला म्हणायचे ब्रेक. त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून तो तुकडा लांबवला. त्यावर नाचायचं ते ब्रेक डान्सिंग. नाचणारी बहुतेक पोरं काळी आणि पोर्तो रिकन, गरीब वस्तीतली. हॉल परवडत नाही म्हणून फुटपाथवर खोके उलगडून त्या पुठ्ठ्यावर नाचणारी.

हे वाचलं तेव्हा मला हसू आलं आणि डोळेही भरले. कारण कल्याणच्या सुभाष मैदानाच्या कडेला भाईजान आणि त्याचे पाच मित्र टीव्हीच्या खोक्यांचे पुठ्ठे टाकूनच सराव करायचे. ब्राँक्स कुठे आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पाठ सोलवटू नये, एवढंच त्यांना कळत होतं. ग्रुपमध्ये एक आगरी मुलगा, एक उल्हासनगरचा सिंधी, एक डोंबिवलीचा ब्राह्मण, एक शिंप्याचा मुलगा. शिंप्याच्या मुलाने सगळ्यांच्या पँटींना चेन लावून दिल्या, जिथे गरज नाही तिथेही. कापड उल्हासनगरहून यायचं, कारण तिथे सगळ्याची नक्कल स्वस्तात मिळायची. पांढरे हातमोजे मात्र कुठे मिळेनात. शेवटी ते ब्रास बँडवाल्याकडून भाड्याने आणले. वरातीत क्लॅरनेट वाजवणाऱ्याचे हातमोजे घालून आमचा भाईजान मायकेल जॅक्सन झाला.

मायकेल जॅक्सनने मूनवॉक केला तो १९८३ साली, अमेरिकेतल्या एका टीव्ही कार्यक्रमात. ‘थ्रिलर’ची फिल्म त्याच वर्षाअखेर आली. आमच्याकडे या गोष्टी व्हिडिओ कॅसेटवरून यायच्या, नकलेची नक्कल, पडद्यावर मुंग्या आल्यासारखं चित्र. १९८४ मध्ये मिथुनने ‘कसम पैदा करने वाले की’मध्ये जॅक्सनची हिंदी आवृत्ती केली. १९८५ मध्ये ‘मेरी जंग’मधून जावेद जाफरी आला आणि आपल्या माणसाच्या अंगातही हाडं नसू शकतात, हे पोरांना पटलं. मग गोविंदा आला, १९८६ मध्ये. विरारचा मुलगा, म्हणजे त्या वेळी आमच्याच ठाणे जिल्ह्यातला. लोकलने धक्के खात मुंबईला जाणाऱ्या पोरांना हे फार जवळचं वाटलं.

भाईजान बाहेरून स्टेप आणायचा. पण ती अर्धवट असायची. व्हिडिओत एकदाच पाहिलेली, घाईत लक्षात ठेवलेली. भिवंडीचं सगळं शांत झाल्यावर खालाचं बिऱ्हाड परत गेलं होतं, पण सुट्टी लागली की आपा आमच्याकडे असायची. भाईजान फरशीवर ती अर्धवट स्टेप करून दाखवायचा. आपा पिंपाला टेकून बघायची. मग म्हणायची, “वजन उजव्या पायावर ठेव, डावा आपोआप सरकेल.” आणि करून दाखवायची. सलवार-कमीज, ओढणी कमरेला बांधलेली, अनवाणी. शहाबादी फरशीवर थोडी टाल्कम पावडर टाकली की पाय सुरेख सरकतो, हा शोधही तिचाच. भाईजानच्या ग्रुपने ठाण्याला जाऊन एका स्पर्धेत दुसरा नंबर काढला. शेवटच्या कल्याण लोकलने गात-नाचत परत आले. मुंब्र्याच्या खाडीचं वारं लागत होतं आणि गाडीतले पेंगणारे कामगार टाळ्या देत होते, असं भाईजानने आल्यावर सांगितलं. त्या डान्सच्या निम्म्याहून अधिक स्टेप एका मुलीने बसवल्या होत्या. त्या मुलीने तो रंगमंचावर कधी पाहिला नाही. बक्षिसाचा कप दोन दिवस आमच्या मशीनवर ठेवला होता, तेवढा तिने हातात घेऊन पाहिला.

१९८६ मध्ये आपाचं लग्न झालं. वय अठरा. माणसं चांगली होती, कुणावर ठपका ठेवण्यासारखं काही नाही. डान्स मात्र बंद झाला. कुणी मनाई केली नव्हती. कुणी विचारलंच नव्हतं.

मी शिकत राहिले, कॉलेजला गेले. १९८८ च्या गॅदरिंगमध्ये आम्ही चार मुलींनी डान्स बसवला. दुपट्टे पिनांनी घट्ट लावलेले, पायांत कॅनव्हासचे बूट. चौघींत मी एकटी मुसलमान. माझ्या सगळ्या स्टेप आपाच्या होत्या. त्या रंगमंचावर इतकी जागा होती की मला पहिल्यांदा भीती वाटली. मी सवयीने मधल्या दोन फुटांतच नाचत राहिले. मागच्या मुलीने कुजबुजत सांगितलं, “अगं, पुढे जा की!” तेव्हा मी पुढे गेले. पुढे जाता येतं, हे त्या दिवशी कळलं.

बातमी घरी पोचायला वेळ लागला नाही. रात्री अब्बा जेवत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, “नाच होता, का डान्स?”

मी म्हणाले, “डान्स.”

अब्बांनी घोटभर पाणी प्यायलं. “मग ठीक आहे,” म्हणाले.

त्या एका शब्दाच्या आडोशाने अब्बांनी मला जाऊ दिलं, आणि मला वाटतं, स्वतःलाही. दाढी करताना खांदे हलवणारा माणूस होता तो.

फराह खान यांच्याविषयी सगळ्यांना ठाऊक आहे. मुंबईत कॉलेजात शिकणाऱ्या या मुलीने ‘थ्रिलर’ पाहिला आणि तिला नाचाचं वेड लागलं. गुरू नाही, बघून बघून शिकली. १९९२ साली ‘जो जीता वही सिकंदर’पासून ती नृत्यदिग्दर्शक झाली आणि पुढे दिग्दर्शकही. मला त्यांचं मनापासून कौतुक आहे. पण त्यांचं नाव निघालं की मला आपा आठवते. वयात तीन वर्षांचं अंतर. तोच काळ, तोच जॅक्सन, तीच बघून शिकण्याची हातोटी. आपा त्यांच्याइतकी मोठी झाली असती असं मी म्हणणार नाही, ते कुणालाच सांगता येणार नाही. मी एवढंच म्हणते, की ती किती मोठी होऊ शकली असती हे बघायला कुणी जागाच दिली नाही. आणि अशी ती एकटी नाही. आपल्या चाळींत, वाड्यांत, आगरी पाड्यांत, ब्राह्मण आळीत अशा किती जणी असतील, ज्या पदर खोचून दोन गिरक्या घेऊन हसत खाली बसल्या! त्यांच्या त्या हसण्याकडे आपण नीट पाहिलेलंच नाही.

पुढे वेडं बदलत गेली. १९९६ मध्ये मॅकरेनाने जग डोक्यावर घेतलं, आणि मॅकरेना तर उभ्या जागी हात फिरवायचा डान्स, लग्नाच्या हॉलमध्ये आजीबाईंनाही जमणारा. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मायकेल जॅक्सन स्वतः अंधेरीला येऊन नाचून गेला. भाईजान तेव्हा दोन मुलांचा बाप. तो गेला नाही, तिकिटाचे पैसे नव्हते. पण त्या रात्री त्याने मुलांना मूनवॉक शिकवला. टीव्हीवर ‘बुगी वुगी’ सुरू झालं आणि जावेद जाफरी परीक्षकाच्या खुर्चीत बसून गल्लीबोळातल्या पोरांना दाद द्यायला लागला. डोंबिवलीत १९९९ पासून गुढीपाडव्याची स्वागतयात्रा निघू लागली. ती प्रथा इतरत्र पसरली आणि लेझीम, ढोल मुलींच्या हातात दिसायला लागले. रिंगण थोडं रुंद झालं.

आता मोबाइल आहे. टिकटॉकवर २०२० च्या जूनमध्ये आपल्याकडे बंदी आली, पण त्याआधी आणि त्यानंतर रील्सवर, स्वयंपाकघरात उभं राहून नाचणाऱ्या चाळिशी-पन्नाशीच्या बायका आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. लोक हसतात त्यांना. मी हसत नाही. मला त्यांच्या पायाखालची फरशी दिसते. मोजून बघा, दोन फूट बाय दोन फूट.

गेल्या वर्षी मुंब्र्याला आपाकडे गेले होते. तिच्या घरात आता गुळगुळीत मोठ्या टाइल्स आहेत. नात बारा वर्षांची, शाळेत गॅदरिंगची तयारी चाललेली, एक स्टेप काही केल्या जमेना. आपा खुर्चीतून बघत होती. गुडघ्याचं दुखणं आहे तिला. थोड्या वेळाने म्हणाली, “वजन उजव्या पायावर ठेव, डावा आपोआप सरकेल.” नातीला पटेना. तेव्हा आपा उठली आणि तिने करून दाखवलं. एकदाच, हळू. नातीने मोबाइल धरला होता. आपा म्हणाली, “चेहरा नको हं.” म्हणून तिने फक्त पाय घेतले. सतरा-अठरा सेकंदांचं ते चित्र माझ्याकडे आहे. चांदीचं एक जुनं जोडवं आणि सरकत जाणारा डावा पाय. टाइल ओलांडून तो पुढच्या टाइलवर जातो.

श्रोतेहो, डिसेंबर-जानेवारी हा आपल्याकडे गॅदरिंगचा मोसम. घराघरांत सराव चालतो, आवाज होतो, मोठ्यांना त्रास होतो. माझी विनंती एवढीच आहे, की घरातली मुलगी नाचत असेल तर थोडं सामान सरकवा. टीपॉय भिंतीला लावा, खाट आत ढकला. आणि तिला ‘नाच’ म्हणायला हरकत नाही. या शब्दाने पुष्कळ सोसलं आहे. आता त्यालाही घरात घ्यायला हवं.